एफएपीची तपासणी: फाइलमध्ये आधी जीन रिपोर्ट

घरात कुणाला एफएपी, म्हणजे मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढणाऱ्या छोट्या गाठी) येण्याचा आनुवंशिक आजार असेल आणि मुलांना तपासायला न्यायचं असेल, तर आधी त्या आजारी माणसाचा जीन रिपोर्ट फाइलमध्ये घाला. मागच्या वेळी मुलीला घेऊन गेले आणि बाबांचा रिपोर्ट कपाटातच राहिला. मोबाइलमध्ये फोटो होता, पण फक्त पहिल्या पानाचा. एपीसी जनुकात (याच्या बिघाडानेच एफएपी होतो) नेमका कोणता बदल आहे ती ओळ दुसऱ्या पानावर. ती माहीत असेल तर मुलाच्या रक्तात तेवढाच बदल शोधतात, आणि नाही सापडला तर मूल सुटलं. माहीत नसेल तर ‘निगेटिव्ह’वर विसंबता येत नाही. सगळी पानं घ्या.

जुने बायोप्सी रिपोर्टही घ्या. कुणाला कितव्या वर्षी निघालं, ते लिहून न्या.

‘त्रास होत नाही, मग कशाला?’ असं घरचे म्हणतील. ऐकू नका. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला 50 टक्के शक्यता. अशा मुलाच्या प्रत्येक पेशीत एपीसीची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. आतड्यातल्या एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली की पॉलिप धरतो. पुढे केआरएएस, टीपी53 अशा जनुकांत बिघाड साचत जातात. एका पॉलिपचा कर्करोग व्हायला बरीच वर्षं लागतात, पण शेकडो असले की त्यातला एखादा उलटतोच. उपचार न केल्यास जवळजवळ सगळ्यांना, साधारण चाळिशीपर्यंत. म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून बघणं, 10-12 व्या वर्षापासून, आणि पॉलिप फार झाले की आतडं काढण्याचा निर्णय वेळेत.

कोलोनोस्कोपीची तयारी: लोहाच्या, रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारा, मनाने बंद करू नका. दोन-तीन दिवस बिया, साली नकोत. जुलाबाच्या औषधाचा दुसरा डोस पहाटे असला तरी पूर्ण प्या. पिवळसर, स्वच्छ पाणी पडायला हवं. गाळ राहिला तर दोन-तीन मिलिमीटरचे पॉलिप त्याखाली दडतात.

सोबत कुणीतरी. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. मोठ्यांनी जठर-लहान आतड्याच्या एंडोस्कोपीचंही विचारावं. पुढची तारीख घ्या.

आणि निघताना फाइल उघडून बघा: जीन रिपोर्ट, दुसरं पान.