पॉवर्ड कॅबिनेट घेण्याआधी वाजवून पाहताना

मिरजेत सतार घेणारा आधी जवारी (घोडीवरून तारेला मिळणारा झंकार) ऐकतो, पॉलिश नंतर बघतो. पॉवर्ड कॅबिनेट, म्हणजे आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला स्पीकरचा खोका, हाही तसाच पारखा. दुकानात स्वतःची गिटार, स्वतःचा मॉडेलर (अ‍ॅम्प आणि इफेक्ट्सची डिजिटल नक्कल करणारं उपकरण) आणि ते कॅबिनेटला जोडायला चांगली बॅलन्स्ड केबल (बाहेरचा गोंगाट कमी पकडणारी) घेऊन जा. स्पीकर केबल इथे चालत नाही, कारण अ‍ॅम्प्लिफायर कॅबिनेटच्या आतच असतो. गिटार थेट कॅबिनेटच्या लाइन इनपुटला (मॉडेलरसारख्या उपकरणासाठीच्या) लावली तर आवाज दबका, निर्जीव येतो. पिकअपला (गिटारच्या तारांची कंपनं पकडणाऱ्या भागाला) साधारण १ मेगाओहमचा इनपुट लागतो, लाइन इनपुट बहुधा १०-२० किलोओहमचा असतो.

व्हॉल्यूम शून्यावर ठेवून आधी मॉडेलर, मग कॅबिनेट चालू करा. बंद करताना उलटं, नाहीतर 'धप्' असा झटका स्पीकरला बसतो.

कॅबिनेट फ्लॅट (स्वतःचा रंग न मिसळणारं) असेल तर मॉडेलरमधलं कॅब सिम्युलेशन (गिटार स्पीकरच्या आवाजाची नक्कल) चालू हवं, नाहीतर डिस्टॉर्शन माशी घोंगावल्यासारखं वाजतं. कॅबिनेट स्वतःच गिटार स्पीकरचा रंग देत असेल तर सिम्युलेशन बंद ठेवा. दोन्ही एकदम लागले की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. ऐंशी टक्के तक्रारी इथल्याच, असं आमचं मत.

आता तालमीच्या आवाजाला वाजवा. हळू आवाजात कानाला खर्ज कमी जाणवतो, म्हणून घरी बसवलेला टोन मंडपात गुरगुरतो. जाड ई तार ८२ हर्ट्झची, तेव्हा लो कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) ८०च्या आसपास आणि हाय कट (त्यावरचा कापणारा) ५-६ किलोहर्ट्झवर ठेवून सुरुवात करा. कॅबिनेट कोपऱ्यातून काढा, कानाकडे तिरकं करा.

हम (सततची घूं-घूं) आला तर मॉडेलर आणि कॅबिनेट विजेच्या एकाच बोर्डवर लावा, ग्राउंड लिफ्ट (सिग्नल केबलचं ग्राउंड तोडणारं बटण) दाबून पाहा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका.