पाठ आणि मान का दुखते: कारणाचा माग कसा काढावा

पाठ किंवा मान दुखू लागली की अनेकांना आधी एमआरआय आठवतो. वास्तविक सुरुवात दुखणे नीट न्याहाळण्यापासून व्हायला हवी. ते कधी वाढते, कशाने कमी होते आणि कुठवर पसरते, हे चार-पाच दिवस लिहून ठेवावे. डॉक्टरही पहिल्यांदा हेच विचारतात.

वजन उचलताना किंवा वाकून उठताना अचानक उसण भरली, दुखणे कमरेपुरतेच राहिले आणि कूस बदलताना कळ आली, तर बहुधा स्नायू किंवा अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे) ताणलेले असतात. कंबरदुखीच्या बहुतेक रुग्णांत याहून नेमके कारण सापडत नाही. त्याने घाबरण्याचे कारण नाही, कारण अशी दुखणी सहसा काही आठवड्यांत ओसरतात. अंथरुणाला खिळून राहिल्याने मात्र ती रेंगाळतात, म्हणून फार तर एक-दोन दिवस विश्रांती घेऊन झेपेल तेवढे चालणे-फिरणे सुरू करावे.

दुखणे नितंबातून मांडीच्या मागून पोटरी किंवा पावलापर्यंत उतरत असेल, मुंग्या येत असतील आणि शिंकताना पायात सणक जात असेल, तर नस दबल्याचा संशय घ्यावा. मणक्यांमधली चकती, म्हणजे रोजच्या बोलण्यातली गादी, सरकून कमरेतून पायात उतरणाऱ्या सायटिक नसेच्या मुळांवर दाब देते. कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांत हे सर्वाधिक घडते.

साठीनंतर वेगळेच चित्र दिसू शकते. थोडे अंतर चालले की दोन्ही पाय जड होतात, पण कट्ट्यावर बसल्यावर किंवा पुढे झुकल्यावर बरे वाटते. म्हणूनच अशा व्यक्तीला मॉलमधल्या ट्रॉलीवर रेलून चालता येते, ताठ राहून चालवत नाही. मज्जारज्जूच्या पोकळीत जागा अरुंद झाल्याची ही खूण आहे. नुसते उभे राहिल्यानेही पोटरीचे दुखणे थांबत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्याव्यात, मधुमेह किंवा धूम्रपान असल्यास तर नक्कीच.

याउलट, तरुण वयात सुरू झालेली, विश्रांतीने वाढणारी, हालचालीने कमी होणारी आणि सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ पाठ आखडवून ठेवणारी कंबरदुखी मणक्याच्या संधिवाताची असू शकते. बैठ्या कामाला दोष देत अशा दुखण्यात वर्षे वाया जातात.

मानेचे गणित बरेचसे भाराचे आहे. डोक्याचे वजन सुमारे ४ ते ५ किलो असते. मोबाइल पाहताना ते तासन्‌तास पुढे झुकवून धरले की मानेमागचे स्नायू थकतात. सकाळी उठताच मान धरली असेल, तर उशीची उंचीही तपासावी. दुखणे दंडातून अंगठ्यापर्यंत किंवा मधल्या बोटापर्यंत जात असेल आणि हात डोक्यावर ठेवल्याने आराम पडत असेल, तर मानेतली नस दबलेली असण्याची शक्यता वाढते. शर्टाचे बटण लावणे अवघड होऊ लागले, चालताना तोल जाऊ लागला, तर मज्जारज्जूवरच दाब असू शकतो. तेव्हा मालिश करून घेण्यात वेळ घालवू नये.

काही लक्षणांत घरगुती निरीक्षण पुरेसे नसते. लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेच्या आतल्या भागाची बधिरता आणि पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, यांसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, रात्रीचा घाम आणि वजनातली घट असेल, तर आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा ठिसूळ हाडांच्या वृद्ध व्यक्तीला साध्या पडण्यानंतर पाठीत तीव्र वेदना होत असेल, तरीही तातडीने तपासणी हवी. छातीत दडपण आणि घामासह मान किंवा खांदा दुखणे हे हृदयविकाराचेही लक्षण असते.

आता एमआरआयबद्दल. काहीच दुखत नसलेल्या विशीतल्या तरुणांपैकीही सुमारे एकतृतीयांश जणांत झिजलेल्या चकत्या दिसतात आणि ऐंशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांत. म्हणून अहवालातला ‘बल्ज’ (चकती फुगून बाहेर आलेली) हा शब्द वाचून आपले कारण सापडले असे मानू नये. अहवालात दाब डावीकडे आणि कळ उजव्या पायात असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी ही विसंगती डॉक्टरांपुढे मांडावी.