सुट्टीत कॅम्पस रिकामा, तरी मीटर पळतोच? या चुका टाळा

सुट्टी लागली की वसतिगृहातले पोट्टे बॅगा घेऊन एसटीनं गावाकडे निघतात आणि दोन दिवसांत आवार ओस पडतं. बिल मात्र त्या मानानं उतरत नाही. यवतमाळकडच्या आमच्या कॅम्पसवर हे वर्षानुवर्षं चाललं. ज्या चुका सापडल्या, त्या इथे लिहितो.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे जाताना मेन स्विचच पाडणं. एका उन्हाळ्यात चौकीदारदादांना आम्हीच सांगितलं होतं, "मेन पाडून टाका, झंझट नको." पंधरा दिवसांनी गच्चीच्या जिन्यात गेलो, तर सोलरच्या इन्व्हर्टरवर लाल दिवा. महावितरणच्या लाइनला जोडलेला इन्व्हर्टर, बाहेरून सप्लाय मिळाला नाही की आपणहून बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ती सोय आहे. पण त्यामुळे विदर्भातलं मे महिन्याचं ऊन अख्खं वाया गेलं, नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे सोलरची जास्तीची वीज महावितरणला देऊन बिलातून वळती करण्याच्या सोयीत, एक युनिट जमा झालं नाही. खाली प्रयोगशाळेच्या फ्रिजमधले कल्चरही (वाढवून जपलेले जिवाणू) मेले. तेव्हापासून मेन कोणी पाडत नाही, एकेका खोलीचे एमसीबी (बोर्डातले छोटे सुरक्षा-स्विच) पाडतो. सोलर, फ्रिज आणि बोअरच्या एमसीबीवर लाल ऑइलपेंटनं 'बंद करू नये' लिहिलंय.

दुसरी चूक, सगळं बंद केलं असं समजून घरी जाणं. सुट्टीच्या पहिल्या रात्री १० वाजता आणि सकाळी ६ वाजता मीटरचं रीडिंग वहीत लिहा. सीटीवरचा मीटर (मोठ्या जोडणीचा, करंट ट्रान्सफॉर्मरमधून मोजणारा) असेल तर फरकाला बिलावरच्या एमएफनं, म्हणजे तिथं छापलेल्या गुणकानं, गुणा. आकडा मोठा निघाला, तर एकेक फीडर (एकेका इमारतीकडे जाणारी लाइन) बंद करून चोर शोधा. आमच्याकडे चोर निघाला मुलींच्या वसतिगृहातला गळका फ्लश! टाकी उतरली की ऑटो पंप सुरू, रात्रभर हेच. पाण्याची गळती विजेच्या बिलात शोधायची असते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आवारातले दिवे भर दुपारी जळताना दिसले, तर टायमर पाहा. बॅटरी नसलेला टायमर लाइट गेली की थांबतो. आपल्याकडे लाइट किती जाते ते सांगायला नको. तेवढे तास तो मागे पडतो.

संगणक नुसते शटडाउन करून भागत नाही. बंद असतानाही ४० संगणकांनी प्रत्येकी ३ वॅट ओढले तरी २० दिवसांत ५७-५८ युनिट होतात. बोर्डाचं बटणच बंद करा. वॉटर कूलरचंही तेच.

एक फ्रिज चालू ठेवा, बाकीच्यांतलं सामान त्यात हलवा. बंद केलेल्यांची दारं उघडी ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते. हवेच्या कूलरमधलं पाणी काढून टाका. डास होऊ नयेत म्हणूनही ते जरुरीचंच आहे.

लाइट गेल्यावर चालणाऱ्या बॅटरीच्या इन्व्हर्टरचं (सोलरचा वेगळा) चार्जिंग तोडू नका, पण ४५ अंशांच्या उन्हाळ्याआधी बॅटऱ्यांत डिस्टिल्ड पाणी भरून घ्या. उच्चदाब जोडणी असेल तर कॅपॅसिटर बँक (पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला खरा कामी येणारा वाटा, सुधारणारा संच) 'ऑटो'वरच हवी. लोड नसताना कॅपॅसिटर जोडलेले राहिले की पॉवर फॅक्टर लीडिंग होतो, म्हणजे उलट्या बाजूनं बिघडतो, आणि केव्हीएएचवरच्या (कामी न येणारी वीजही धरून मोजणाऱ्या युनिटवरच्या) बिलात त्याचाही भुर्दंड बसतो.

चौकीदारदादांना वही, टॉर्च आणि वायरमनचा नंबर देऊन ठेवा. रोज सकाळचं रीडिंग ते लिहितात. एखाद्या दिवशी आकडा फुगला की आमच्याकडे त्याच दिवशी फोन येतो.