मुंबईत राहून आयईएलटीएस देताय? शब्दांचा अभ्यास असा करा

परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या, मराठी माध्यमातून शिकून मुंबईत आलेल्या मुलामुलींना मी आधी हेच सांगतो, की हजारो अवघड शब्दांची जाडजूड यादी बाजूला ठेवा. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या शाखांमधला सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासून २००० साली ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ प्रसिद्ध केली. तिच्यात अवघी ५७० शब्दकुळं, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांचे गट आहेत, पण विद्यापीठीय लेखनात दर दहा शब्दांमागे साधारण एक शब्द त्यांतलाच निघतो. यादी फुकट मिळते, क्लासला पैसे मोजायची गरज नाही. मात्र रोजच्या वापरातले दोनेक हजार शब्द तिने गृहीत धरलेले आहेत. ते कच्चे असतील तर सुरुवात तिथूनच करा.

एका कुळातले शब्द एकत्र शिका, आणि मोठ्याने म्हणा. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलेलो असतो, त्यामुळे वाचताना ओळखीचा वाटणारा शब्द ऐकताना निसटतो. ‘अ‍ॅनलाइज’मध्ये जोर पहिल्या अवयवावर (सिलेबलवर), ‘अनॅलिसिस’मध्ये दुसऱ्यावर, तर ‘अ‍ॅनलिटिकल’मध्ये तिसऱ्यावर पडतो. हे कानाला माहीत नसेल तर परीक्षेच्या लिसनिंग भागात उत्तर हुकतं. तिथे स्पेलिंग चुकलं तरी मार्क जातो, म्हणून शब्द ऐकून लिहायचा सरावही हवा.

वहीत शब्दापुढे नुसता मराठी अर्थ लिहू नका. तो कोणत्या शब्दांबरोबर येतो तेही लिहा: ‘कंडक्ट रिसर्च’, ‘सिग्निफिकंट इन्क्रीज’. रायटिंगमध्ये शब्दसंपत्तीला एक चतुर्थांश वजन असतं, पण तिथे नेमकेपणा बघतात. ओढूनताणून घातलेला भारी शब्द मार्क कमीच करतो.

वाचलेला शब्द दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने वही झाकून आठवा. गर्दीच्या वेळी डोंबिवलीहून निघालेल्या लोकलमध्ये वही उघडता येत नाही, पण आठवता नक्की येतं. कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती खाट भाड्याने घेऊन राहत असाल आणि खोलीत शांतता नसेल, तर वॉर्डात महापालिकेची अभ्यासिका आहे का ते विचारा. काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आहे, तिचं सभासदत्व घेता येतं.

निबंधाला विषय शोधत बसू नका. चाळींचा पुनर्विकास, लोकलची गर्दी, पावसात तुंबणारं पाणी या प्रश्नांत तुम्ही रोज वावरता, आणि परीक्षेतही शहरं, घरं, वाहतूक हेच विषय वरचेवर येतात. आठवड्यातून दोनदा ४० मिनिटं लावून २५० शब्द लिहा. त्या आठवड्याचे पाच-सहा शब्द त्यात सहज बसतील तेवढेच वापरा आणि इंग्रजी चांगलं असलेल्या कुणाकडून तरी तपासून घ्या. पाठ केलेला निबंध उतरवू नका, परीक्षकाला तो लगेच ओळखू येतो.

परीक्षा महिन्यावर आली असेल तर यादीच्या दहा भागांपैकी पहिले तीनच घ्या. सर्वाधिक वापरातले शब्द त्यांतच आहेत.