पायाची शीर म्हणजे पाइप नव्हे: बायपासमधल्या या चुका टाळा

बायपासच्या टेबलावर सगळ्यांचे डोळे छातीकडे असतात. हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला वळसा द्यायला पायाची शीर लागते, पण पायाशी उभं राहून ती काढणाऱ्याकडे कोणी बघत नाही. मी बारा वर्षं तिथंच उभा आहे, वर्धा-यवतमाळ पट्ट्यात. आमचे पेशंट बहुतेक कापूसवाले. पोटऱ्यांवर पऱ्हाटीचे ओरखडे, गुडघ्याखाली फुगलेल्या नसा आणि खिशात खर्ऱ्याची पुडी.

नवीन पोट्टे आले की सगळ्यात आधी त्यांच्या हातातली सिरिंज बघतो.

काढलेली शीर आकसते. तिला बाजूनं फुटलेल्या छोट्या फांद्या नीट बांधल्यात का, कुठं गळतं का, हे बघायला आत द्रव सोडून ती थोडी फुगवतात. इथंच अंगठा सुटतो. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधावं तशी शीर फुगवतात! आडव्या माणसाच्या पायात या शिरेतला दाब दहा-पंधरा मिलिमीटर पारा, स्थिर उभ्या माणसाच्या घोट्याशी नव्वदच्या आसपास. हातानं जोर लावला तर सिरिंज सहज ३०० च्या वर नेते. शिवाय सिरिंज छोटी असेल तर आणखी वाईट. अंगठा तोच, दट्ट्या बारीक, म्हणून दाब जास्त. आतलं अस्तर एका पेशीच्या थराचं असतं, ते सोलून निघतं. मग तिथं रक्त गोठतं, नाहीतर पुढं भिंत जाड होत जाते. त्या दिवशी टेबलावर मात्र सगळं झकास दिसतं, म्हणून कोणाला काही वाटत नाही.

एकदा आर्वीकडचा एक शेतकरी टेबलावर होता. मी एका फांदीला टाका घालत होतो. एवढ्यात शेजारच्या पोरानं ५ मिलीची सिरिंज लावून उरलेला भाग तपासायला घेतला. घाई कसली, तर म्हणे सर्जन वाट बघताहेत. मान वळवली तेव्हा शीर करंगळीएवढी फुगून पांढरीफटक पडली होती, आणि एका फांदीच्या बुडाशी निळसर डाग पसरत होता. तेवढा तुकडा फेकला. उरलेली लांबी पुरेना, म्हणून दुसरा पाय उघडला. सर्जन एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. चौथ्या दिवशी ड्रेसिंगला गेलो तर पेशंटनं विचारलं, "भाऊ, नस एका पायातली काढनार म्हने, मंग दोन्हीले टाके काऊन?" मी काहीतरी थाप मारली.

तेव्हापासून माझ्या ट्रॉलीवर २० मिलीपेक्षा लहान सिरिंज शिरेजवळ येत नाही. पुढचं टोक थोडा वेळ मोकळं ठेवून आधी द्रव वाहू देतो, मग हलकेच अडवतो. दाब मोजायची सोय असेल तर १०० च्या आसपास थांबतो. फांदी गळताना दिसली की पुरे. गळत नाही म्हणून आणखी दाबून बघायची हौस नको.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे वाटीतलं सलाइन. शीर काढली, साध्या सलाइनमध्ये टाकली आणि विसरले. सलाइन कितीही निरुपद्रवी वाटलं तरी त्याचा पीएच साधारण साडेपाच, म्हणजे आम्लधर्मी असतो, आणि तो सावरणारा पदार्थ, म्हणजे बफर, त्यात नसतो. सर्जन रेने फावालोरो यांनी अमेरिकेत क्लीव्हलँडला १९६७ मध्ये पायाची शीर बायपासला वापरली, तेव्हापासून ती आपण वापरतोय. तरी दहा वर्षांत जवळपास निम्म्या शिरा बंद पडतात, तर बायपासला वापरलेली छातीतली धमनी नव्वद टक्क्यांच्या वर चालू राहते. अमेरिकेतल्या तीन हजारांवर पेशंटची माहिती २०१४ मध्ये आली, त्यात बफर असलेल्या द्रावणातल्या शिरा वर्षभरात सलाइन किंवा रक्तातल्यांपेक्षा कमी बंद पडल्या. चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना नव्हती ती, पण मला पुरेशी आहे. बफरचं मिळत नसेल तर पेशंटचंच रक्त, गोठू नये म्हणून हेपारिन घातलेलं, घेतो. तेही उघड्या वाटीत तासभर ठेवायचं नसतं, कार्बन डायऑक्साइड उडून ते अल्कधर्मी होतं. मुळात शीर वाटीत कमीत कमी वेळ राहिली पाहिजे. लवकर काढून ठेवली म्हणजे काम उरकलं, असं समजणारेच जास्त नासवतात.

द्रव बर्फगार नको. आणि पुस्तकात "रूम टेंपरेचर" लिहिलंय म्हणून मे महिन्यात स्टोअरमधली बाटली थेट ओतू नका. तिथलं रूम टेंपरेचर चहाला चालेल.

आकसलेली शीर सैल करायचं औषध, पापाव्हरीन, रिंगर लॅक्टेटच्या सलाइनमध्ये घालू नका, साका बसतो.

शीर पीळ खाऊ नये म्हणून तिच्यावर रेघ मारतात, पण त्वचेच्या मार्कर पेनानं नको. त्यात अल्कोहोल असतं.

फांदी बंद करायची क्लिप शिरेच्या भिंतीला चिकटवून लावली की शीर तिथं चिमटते. दोन-तीन मिलिमीटर सोडलं तर खिसा राहतो. मी मिलिमीटरभर सोडतो.

आदल्या रात्री पायावर वस्तरा नको. सकाळी क्लिपरनं केस काढा.

वॉर्डात पायाच्या शिरेत सुई टोचली असेल तर त्या सिस्टरशी मी तीन दिवस बोलत नाही.

स्वीडनचे सर्जन डोमिंगोस सूझा यांची भोवतालच्या चरबीसकट शीर काढायची, फुगवायचीच नाही, ही पद्धत मला मनापासून पटते. पण पायाची जखम मोठी होते. साखरेचा आजार असलेला माणूस पंधरा दिवसांत अनवाणी वावरात जाणार असेल, तर मी सर्जनना आधी ते सांगतो.

आणि रक्त एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या आतल्या झडपांमुळे शीर उलटी लावायची असते, हे माहीत नसलेला कोणी नाही. तरी ट्रॉलीवर ठेवल्यावर घोट्याकडचं टोक कुठलं, हे विचारलं की दोघं जण दोन टोकं दाखवतात. मी घोट्याकडच्या टोकाला बुलडॉग, म्हणजे छोटा चिमटा, लावूनच शीर पुढं देतो.