ग्रीन कार्डाच्या रांगेतली कागदपत्रे

मी ऑगस्ट २०१० मध्ये एम.एस. करण्यासाठी अमेरिकेतील ओहायो राज्यात आले, ऑक्टोबर २०१३ मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर कामाला लागले आणि मार्च २०१५ पासून ग्रीन कार्डाच्या, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याच्या, रांगेत आहे. माझा नंबर अजून लागलेला नाही. त्यामुळे कार्ड हातात पडल्यावर काय होते ते मला सांगता येणार नाही. वाट पाहण्याच्या वर्षांत कोणते कागद आपल्याजवळ असावे लागतात, एवढे मात्र अनुभवाने सांगू शकते.

सुरुवातीचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, बारा महिने काम करता येते आणि विज्ञान, अभियांत्रिकी, गणित यांसारख्या विषयांना आणखी चोवीस महिने मिळतात. एच-१बीची वार्षिक मर्यादा ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० एवढी आहे. २०२० पासून कंपनीला मार्चमध्ये ऑनलाइन नोंदणी करावी लागते, निवड झाल्यास अर्ज जातो आणि काम १ ऑक्टोबरपासून सुरू करता येते. व्हिसा तीन वर्षांचा, वाढवून सहा वर्षांचा. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचे शुल्क जाहीर झाल्यापासून, भारतातून थेट एच-१बीवर येण्याचा रस्ता फार अवघड झाला आहे. एक गोष्ट मात्र नवखे लोक सर्रास विसरतात: ग्रीन कार्डाच्या पहिल्या टप्प्याचा, म्हणजे ‘पर्म’चा, खर्च आणि त्यासाठीच्या वकिलाची फी कंपनीनेच भरावी असा नियम आहे. तो खर्च पगारातून कापून घेऊ म्हणणाऱ्या कन्सल्टन्सीला नकार द्यावा.

ग्रीन कार्डाचे टप्पे साधारणपणे तीन. कंपनी आधी जाहिराती देऊन, त्या जागेसाठी योग्य अमेरिकी उमेदवार मिळत नाही हे श्रम खात्याला दाखवते. मग त्याच कर्मचाऱ्यासाठी इमिग्रेशन खात्याकडे आय-१४० हा अर्ज करते. आणि आपला नंबर आला की आपण स्वतः आय-४८५ हा ग्रीन कार्डाचा अर्ज भरतो. पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, ती आपली प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली आपली जागा. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे दिली जातात, त्यांत कुटुंबीयही धरले जातात, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून अधिक येत नाहीत. भारतीयांची रांग लांबते ती यामुळे. येथे देश म्हणजे नागरिकत्वाचा नव्हे, जन्माचा. माझ्या ओळखीतील एका जोडप्यात दोघेही पुण्यात वाढलेले, पासपोर्ट दोघांचेही भारतीय. पण पत्नीचे वडील नोकरीनिमित्त मस्कतला असताना तिचा जन्म तेथे झाला होता. नवऱ्याचा अर्ज तिच्या जन्मदेशाच्या खात्यात धरला गेला आणि दोघांनाही भारताच्या रांगेत थांबावे लागले नाही. लग्न झालेल्या प्रत्येकाने हे एकदा तपासून पाहावे.

रांग कोठवर आली हे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमधून कळते. ऑक्टोबर २०२०च्या बुलेटिनमध्ये ईबी-३ या, नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या एका वर्गातील भारतीयांसाठी अर्ज भरण्याची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ पर्यंत पुढे गेली, म्हणजे त्याआधीची प्रायॉरिटी डेट असलेल्यांना आय-४८५ भरता येऊ लागला. माझी तारीख १७ मार्चची, म्हणजे अडीच महिन्यांनी हुकली. (त्या आठवड्यात मी बुलेटिन किती वेळा उघडून पाहिले, ते न सांगितलेलेच बरे.) पण ज्या सहकाऱ्यांचा नंबर लागला त्यांची कागदांसाठी झालेली तारांबळ पाहून मी माझा जन्मदाखला बाहेर काढला. कराड नगरपालिकेच्या त्या दाखल्यावर आईचे नाव होते, वडिलांचे होते, लिंगाच्या रकान्यात ‘स्त्री’ होते आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा होता. आमच्या पिढीतील अनेकांच्या दाखल्यावर हाच प्रकार आहे, कारण नोंद दवाखान्यातून परस्पर झाली आणि बारशानंतर नगरपालिकेत पुन्हा कोणी गेले नाही. वडील माझा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन चार वेळा खेटे घालून आले, तेव्हा कोठे नाव चढले. नोंदच नसेल तर तसे प्रमाणपत्र आणि जन्माची माहिती असलेल्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे चालतात. मराठी दाखल्याचे इंग्रजी भाषांतर दोन्ही भाषा जाणणाऱ्या कोणीही करून, ते अचूक असल्याचे लिहून सही केली तरी पुरते. त्यासाठी एजंटला पैसे मोजण्याची गरज नाही.

नावाचेही असेच. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. लग्नानंतर पासपोर्टवर मधले नाव नवऱ्याचे. अमेरिकेतील कारकुनाला या वेगवेगळ्या बायका वाटतात. विवाहनोंदणी दाखल्याची प्रत प्रत्येक वेळी सोबत असेल तर पुढचा पत्रव्यवहार वाचतो.

माझी सर्वांत महागात पडू शकली असती अशी चूक आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत शिरताना मिळणाऱ्या मुक्कामाच्या मुदतीच्या नोंदीची. जानेवारी २०१८ मध्ये मी भारतातून परतले तेव्हा कंपनीच्या एच-१बी मंजुरीपत्रावर सप्टेंबर २०१९ ही तारीख होती, पण पासपोर्ट जून २०१८ मध्ये संपत होता आणि विमानतळावरील अधिकाऱ्याने मला मुक्कामाची मुदत तेवढीच दिली. पासपोर्टवर शिक्का बसला म्हणून मी निर्धास्त होते. एप्रिलमध्ये ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवरील बाईंनी पडदा माझ्याकडे वळवून ती तारीख दाखवली, तेव्हा हातात जेमतेम दोन महिने उरले होते. मंजुरीपत्र आणि आय-९४ यांत फरक असेल तर सर्वांत शेवटी मिळालेला आय-९४ खरा धरला जातो. वकिलाने घाईने मुदतवाढीचा अर्ज केला म्हणून निभावले. तेव्हापासून प्रत्येक प्रवासानंतर, सामान यायच्या आधी, मी फोनवर आय-९४ उतरवून घेते.

नोकरी गेली तर नवी कंपनी शोधून तिचा अर्ज दाखल होण्यासाठी जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. अशा वेळी आधार असतो तो आय-१४०चा. तो मंजूर होऊन १८० दिवस उलटले असतील, तर जुन्या कंपनीने मागे घेतला तरी सहसा प्रायॉरिटी डेट आपलीच राहते आणि त्यावर सहा वर्षांपुढेही तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळत जाते. नव्या कंपनीला पर्म आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात, तारीख मात्र जुनी लागते. अडचण अशी की आय-१४० हा कंपनीचा अर्ज असल्याने मंजुरीची नोटीस कंपनीकडे जाते. माझ्या पहिल्या कंपनीने ती देण्यास साफ नकार दिला. मी माहितीच्या अधिकाराच्या तेथील कायद्यानुसार इमिग्रेशन खात्याकडे स्वतःच्या फायलीची प्रत ऑनलाइन मागितली. त्याला शुल्क पडले नाही आणि काही आठवड्यांनी सारी पाने संगणकावर आली. नोटिशीवर १७ मार्च २०१५ स्पष्ट वाचता येत होते. नव्या कंपनीच्या वकिलाने तेवढे एक पान मागून घेतले, आणि दुसऱ्या आय-१४०वर तीच तारीख लागून आली.