शेवटची सोळा पानं राखून ठेवा: किशोरवयीनांच्या भयकथा आणि हलक्याफुलक्या प्रेमकथा निवडताना, वाचताना

मी चौदा वर्षांची असताना एक भयकादंबरी हाती आली. तिची शेवटची सोळा पानं गायब होती. शिवण उसवून अख्खी जुडीच निघून गेली होती. नायिका तळघराच्या पायऱ्या उतरते, खाली कुणाच्या तरी हातातला कंदील हलतो आणि त्यापुढे थेट पुठ्ठा! चार दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. वहीच्या मागच्या पानांवर संशयितांची नावं लिहिली, प्रत्येकापुढे कारणं लिहिली आणि शेवटी माझा मीच शेवट लिहून काढला. सहा वर्षांनी त्याच पुस्तकाची पूर्ण प्रत मिळाली. खुनी कोण निघाला? दुसऱ्या प्रकरणात एकदाच फाटक उघडून देणारा माळी. त्यानंतरच्या दीडशे पानांत त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. मला इतका राग आला की मी पुस्तक तिथेच मिटलं.

त्या रागातूनच माझी वाचायची एक पद्धत तयार झाली. गेल्या वर्षी तेरा वर्षांच्या भाचीने विचारलं, "मावशी, भीती वाटेल पण झोप उडणार नाही असं काही आहे का? आणि त्यात थोडं प्रेम पण हवं." तिच्यासाठी पुस्तकं निवडताना ती पद्धत नीट मांडावी लागली. तीच इथे देते आहे.

आधी वय बघा, मग मुखपृष्ठ

'भयकथा' या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकाच लेखकाचं उदाहरण घ्या. आर. एल. स्टाइन यांची 'फिअर स्ट्रीट' ही मालिका १९८९मध्ये सुरू झाली. ती हायस्कुलातल्या मुलामुलींसाठी आहे आणि तिच्यात खून होतात, ओळखीची माणसं मरतात. त्यांचीच 'गूजबम्प्स' १९९२मध्ये आली, ती आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी. तिथे भुतं आहेत, राक्षस आहेत, पण कथेतल्या मुलांच्या जिवावर सहसा बेतत नाही. लेखकाचं नाव ओळखीचं म्हणून नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती पहिली मालिका देऊ नका, आणि सोळा वर्षांच्या मुलीला दुसरी देऊन तिला आवडली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मुखपृष्ठावर कवटी दोन्हीकडे असते.

भीती कुठल्या जातीची आहे

अ‍ॅन रॅडक्लिफ या इंग्रज कादंबरीकार बाईंनी भीतीचे दोन प्रकार सांगितले होते. त्यांचा तो लेख त्यांच्या निधनानंतर, १८२६मध्ये छापून आला. एक भीती मनाला ताणून जागं करते. दुसरी मनाला आक्रसून टाकते, गोठवते. मी पहिलीला धास्ती म्हणते आणि दुसरीला दचका. दाराच्या फटीतून येणारा उजेड मधेच कुणीतरी अडवला, ही धास्ती. दार उघडल्यावर समोर रक्ताने माखलेला चेहरा, हा दचका. किशोरवयीनांसाठीचं चांगलं भयपुस्तक बहुतेक धास्तीवर चालतं आणि दचका जपून वापरतं. दचका एका पानात विरतो. धास्ती मात्र पुस्तक मिटल्यावरही घरातल्या जिन्यापर्यंत सोबत येते. भाचीला नेमकी तीच हवी होती, फक्त बेताची.

हे उभ्या उभ्या तपासता येतं. पुस्तक हातात घ्या आणि पहिल्या पाच प्रकरणांची शेवटची दोन-दोन वाक्यं वाचा. लगेच पुढच्या प्रकरणांची पहिली तीन-तीन वाक्यं वाचा. कथा फुटत नाही, पण लेखकाची सवय कळते. प्रकरणाच्या शेवटी नायिकेच्या खांद्यावर गार हात पडतो, ती किंचाळते, पान उलटावं तर मैत्रीण म्हणते, "अगं, मीच आहे!" ही खोटी भीती. एकदा चालते, दुसऱ्यांदाही मी सोडून देते. पाचांपैकी तीन प्रकरणं अशी असतील तर पुस्तक परत ठेवते. लेखकाने तीनदा खोटं ओरडून बोलावल्यावर चौथ्यांदा खरंच लांडगा आला तरी आपण जागचे हलत नाही.

पण सगळी खोटी भीती वाया जात नाही. जेन ऑस्टिन यांची 'नॉर्थँगर अ‍ॅबी' त्यांच्या निधनानंतर १८१७च्या अखेरीस प्रकाशित झाली. तिची सतरा वर्षांची नायिका भयकादंबऱ्या वाचून वाचून भारावलेली आहे. वादळी रात्री, पाहुणी म्हणून गेलेल्या घरातल्या एका जुन्या कपाटात तिला कागदांची गुंडाळी सापडते. तेवढ्यात मेणबत्ती विझते. ती रात्रभर तळमळते, आणि सकाळी बघते तर ती धोब्याकडच्या कपड्यांची बिलं! ही भीती खोटीच, पण त्यातून मुलगी कशी विचार करते ते आपल्याला कळतं, आणि तिला स्वतःलाही लाज वाटते. म्हणून मैत्रिणीचा तो गार हात आला की मी विचारते: ती मैत्रीण अंधारात तिथे करत काय होती? पुस्तकाने याचं उत्तर पुढे कुठेतरी दिलं, तर तो लेखक मला आवडतो.

मेलेल्या माणसाचं पुढे काय होतं

याबाबत मी हट्टी आहे. पात्र मेलं, तर पुढच्या वीस पानांत कुणीतरी त्याची आठवण काढली पाहिजे. वर्गातला रिकामा बाक, परत करायची राहिलेली वही, त्याच्या आईचा एखादा फोन, काहीतरी हवं. तिसऱ्या दिवशी सगळे पार्टीची तयारी करत असतील तर ते पुस्तक तेरा वर्षांच्या मुलीला मी देत नाही. रक्ताला माझा विरोध नाही. मरण स्वस्त करण्याला आहे.

लोइस डंकन यांची 'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर' १९७३ची. चार तरुण एका अपघातात लहान मुलाचा जीव घेतात आणि गप्प राहायचं ठरवतात. पुढे कुणीतरी त्यांच्या मागे लागतं. कादंबरीत त्या चौघांपैकी कुणीही मरत नाही. सगळी धास्ती त्या गप्प बसण्यातून येते. १९९७च्या सिनेमाने त्याच कथेत एकामागून एक मुडदे पाडले. डंकन यांना ते अजिबात रुचलं नाही. त्यांच्या अठरा वर्षांच्या मुलीचा १९८९मध्ये खून झाला होता, हे लक्षात घेतलं की त्यांची नाराजी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मुलांनी सिनेमा पाहिला असेल तरी पुस्तक द्या, आणि आधी सांगून ठेवा की हे वेगळं आहे.

आता ती सोळा पानं

भयकथा वाचताना शेवटाला सोळा पानं उरली की थांबा. आधीच मोजून तिथे क्लिप लावून ठेवा, म्हणजे वाचण्याच्या भरात पुढे जाणार नाही. मग कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा: कोण, का, आणि ते तुम्हाला कुठल्या पानावरून वाटलं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पान सांगता येत नसेल तर तो अंदाज नाही, नुसतं नाव आहे.

भाचीने पहिल्यांदा हे केलं तेव्हा तिने एका मुलाचं नाव लिहिलं आणि पुढे एवढंच: "पान ६१, बूट." मी पान काढून बघितलं. पावसाचा कुठेही उल्लेख नसलेल्या संध्याकाळी तो मुलगा दारात बूट काढतो आणि फरशीवर पाण्याचा ओघळ उमटतो. एवढं एकच वाक्य होतं. माझ्या नजरेतून ते साफ निसटलं होतं. खून तळ्याकाठी झालेला होता. क्लिप काढून शेवटची पानं वाचली, तिचा अंदाज बरोबर निघाला, आणि ती खोलीभर नाचली.

अंदाज चुकला तरी बिघडत नाही. मागे वळून पाहिल्यावर खुणा सापडल्या तर लेखक प्रामाणिक. खुणा नाहीतच, माळी आहे, तर त्या लेखकाचं पुढचं पुस्तक घ्यायच्या आधी विचार करा.

प्रेमकथेला ही पद्धत चालत नाही

कारण शेवट सगळ्यांना माहीत असतो. हलक्याफुलक्या प्रेमकथेत दोघं एकत्र येणार, हा वाचकाला दिलेला शब्द असतो, आणि तो पाळलाच पाहिजे. "शेवट आधीच कळला," अशी तक्रार या पुस्तकांबद्दल मी कितीदा ऐकली आहे, आणि दर वेळी मला वाटतं की ही माणसं चुकीच्या जागी बघत आहेत. इथे मधली पानं वाचायची. ती दोघं अजून लांब का आहेत, हा प्रश्न धरून वाचा.

त्यासाठी माझी कसोटी दोन मिनिटांच्या बोलण्याची. दोघांनी समोरासमोर बसून दोन मिनिटं नीट बोललं असतं तर अडचण सुटली असती का? सुटली असती, आणि तरी लेखक तो गैरसमज शंभर पानं ताणत असेल, तर मी पुस्तक सोडते. तिने त्याला कुणाबरोबर तरी हसताना पाहिलं, ती रडत निघून गेली, आणि ती बहीण होती हे कळायला नव्वद पानं लागली, असलं मला आता झेपत नाही. १८१३च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीत नायिका एलिझाबेथ, डार्सी या नायकाच्या लग्नाच्या मागणीला नकार देते तो पुस्तकाच्या साधारण मध्यावर. तिथे दोन मिनिटांचं बोलणं होतं, चांगलं कडाक्याचं होतं, आणि त्यानेच गाठ आणखी घट्ट होते. दोघांनाही आपापली चूक कबूल करायला उरलेलं पुस्तक लागतं. हलक्या पुस्तकाकडून तेवढ्या उंचीची अपेक्षा मी करत नाही, पण अडचण माणसांच्या स्वभावातून आलेली असावी, एवढी मात्र करते.

आणखी एक बघा: नायिकेला त्या मुलाशिवाय काही आहे का? एखादी मैत्रीण, जिच्याशी ती त्याच्याखेरीज दुसऱ्या विषयावरही बोलते? एखादं काम, जे तिला खरंच जमतं?

पाळत म्हणजे प्रेम नव्हे, हे कधी बोलायचं

भय आणि प्रेम एकत्र येतात तिथे जरा सावध राहावं लागतं. छातीची धडधड दोन्हीकडे सारखीच असते. डटन आणि एरन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४मध्ये कॅनडातल्या एका उंच, हलणाऱ्या झुलत्या पुलावर प्रयोग केला होता. पुलावर भेटलेल्या तरुणीने पुरुषांना आपला फोन नंबर दिला. साध्या, भक्कम पुलावर भेटलेल्यांपेक्षा या पुलावरच्या कितीतरी जास्त पुरुषांनी तिला नंतर फोन केला. भीतीची धडधड त्यांनी ओढीच्या खात्यावर मांडली, असा अर्थ लावला गेला. किशोरांच्या भयकथांत देखणा, गूढ, थोडा धोकादायक मुलगा हमखास का असतो, ते यावरून माझ्या ध्यानात आलं.

२००५च्या 'ट्वायलाइट' या कादंबरीत एडवर्ड हा व्हॅम्पायर, म्हणजे रक्तपिपासू नायक, रात्री नायिका बेलाच्या खोलीत येतो आणि तिच्या नकळत तिला झोपलेली पाहत राहतो. कथेत ते प्रेमाचं लक्षण म्हणून येतं. मी ते पुस्तक भाचीपासून लपवलं नाही. तिने वाचलं, तिला आवडलं, आणि मग मी एकच विचारलं: "तो दिसायला सुंदर नसता तर या प्रसंगात तुला काय वाटलं असतं?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तर ती भयकथा झाली असती." यावर मी भाषण दिलं नाही. तुम्हीही देऊ नका. पुस्तक काढून घेतलं तर मुलं ते लपून वाचतात, आणि मग हा प्रश्न विचारायला तुम्ही तिथे नसता.

थोडं वाचण्याच्या सवयीबद्दल

रात्री वाचत असाल तर प्रकरणाच्या शेवटी थांबू नका. प्रकरणाचा शेवट तुम्हाला पुढे ओढण्यासाठीच लिहिलेला असतो. प्रकरणाच्या मध्यावर, दोघं जण चहा पीत असतील किंवा कुणी गाडीत बसलं असेल अशा जागी खूण घाला. झोप लवकर लागते. हे मी पैज लावून सांगते.

भयकथेनंतर प्रेमकथा घ्या, सलग तीन भयकथा नकोत. तिसऱ्या पुस्तकात किंकाळी ऐकून जांभई येते आणि दोष पुस्तकाचा नसतो.

मालिकेचं एक पुस्तक वाचून सगळ्या मालिकेवर फुली मारू नका. १९८३मध्ये सुरू झालेल्या 'स्वीट व्हॅली हाय' या किशोरवयीनांसाठीच्या मालिकेची कल्पना आणि आराखडा फ्रान्सिन पास्कल यांचा होता, पण पुस्तकं प्रत्यक्षात इतर लेखकांनी लिहिली. अशा मालिकांत एक भाग फिका आणि पुढचा खणखणीत असू शकतो. मी मधले दोन भाग चाळून मगच ठरवते.

आणि कुणी मुलांसमोर या पुस्तकांना टाकाऊ म्हणत असेल तर त्यांना थांबवा. ओल्या बुटांचं ते एक वाक्य पकडणारी मुलगी ज्या एकाग्रतेने वाचते, ती एकाग्रता मी शाळेच्या पुस्तकावर तिच्या चेहऱ्यावर अजून पाहिलेली नाही.

सध्या आम्ही दोघी एकच पुस्तक वाचतो आहोत, एक निर्जन वसतिगृह आणि दोन मुलगे असलेलं. तिने क्लिप लावून ठेवली आहे. तिचा संशय स्वयंपाकघरातल्या मुलावर आहे, पान ८८. माझा ग्रंथपाल बाईंवर, पान ४०, कारण त्यांना न विचारताच एका खोलीचा नंबर माहीत होता. रविवारी दुपारी क्लिप काढायची ठरली आहे.